आरशासमोर छान, बाळ रडलं की फजिती: पाजतानाच्या कपड्यांमधल्या या चुका टाळा

सातव्या महिन्यात मी हौसेने दोन कुर्ते घेतले. छातीच्या दोन्ही बाजूंना शिवणीत लपवलेल्या चेन, बाहेरून पत्ताही लागत नव्हता. ट्रायल रूममध्ये आरशासमोर उभी राहून दोन्ही चेन वर-खाली करून पाहिल्या. झकास वाटलं. बाळ घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री कळलं की ही चेन खाली येते ती एका हाताने कापड वरून ताणून धरलं आणि दुसऱ्या हाताने ओढली तरच. माझ्या डाव्या हातात रडून लालबुंद झालेलं बाळ होतं. शेवटी अख्खा कुर्ता वर गुंडाळला, हनुवटीखाली दाबून धरला आणि तसंच पाजलं. हनुवटीखाली कापडाचा बोळा असल्यामुळे मान खाली करून बाळाकडे बघताही येईना.

कुर्ता चांगला होता, शिवणही चांगली होती. मीच तो उभ्याने, दोन्ही हात मोकळे असताना, लख्ख उजेडात पारखला होता आणि वापरायचा होता बसून, एका हाताने, अर्धवट झोपेत, अंधारात. दोन बाळंतपणांनंतर आता असं वाटतं की या कपड्यांबाबतच्या निम्म्याहून जास्त चुकांचं मूळ एवढ्याशा फरकात आहे.

चूक पहिली: कपडा उभ्याने पारखणं

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा पितं. दोन्ही बाजूंना पाजायचं म्हटलं तर कपडा दिवसाकाठी वीसेक वेळा उघडायचा आणि तितक्याच वेळा बंद करायचा. एखादं बटण जरासं घट्ट असेल तर एरवी आपल्याला त्याचं काही वाटत नाही. इथे ते दिवसातून वीस वेळा छळतं.

म्हणून कपडा घेताना (किंवा कपाटातला जुना वापरायचा ठरवताना) एक साधी परीक्षा घ्या. खुर्चीत बसा. डाव्या हातात उशी घ्या, बाळ धरतो तशी. डोळे मिटा. आता उजव्या हाताने डावी बाजू उघडा. मनात दहा आकडे मोजून व्हायच्या आत उघडली का? मग उशी न ठेवता ती बंद करा. बंद करण्याची परीक्षा सगळे विसरतात आणि मग दार वाजलं की एक बाजू उघडी ठेवूनच उठावं लागतं. आता उशी उजव्या हातात आणि तेच डाव्या हाताने. डाव्या हाताला सवय नसते, त्यामुळे खरा निकाल इथे लागतो. माझे ते दोन कुर्ते या परीक्षेत पहिल्या पाच सेकंदांत बाद झाले असते.

उठून उभं राहिल्यावर आणखी एक बघा: वाकून जमिनीवरची वस्तू उचलताना गळा किती खाली येतो? एकावर एक ओढून नाडीने बांधायचे कपडे बसल्यावर सोयीचे असतात, पण नाडी सैल झाली की चालता चालता आपोआप उघडतात. आतून एखादं टिच बटण लावून घेतलं की हा प्रश्न मिटतो.

चूक दुसरी: सगळी खरेदी आधीच उरकून टाकणं

पहिल्या खेपेला बाळाच्या खरेदीसोबत आपलीही खरेदी उरकण्याचा मोह होतो. पण शरीर अजून ठरलेलंच नसतं. प्रसूतीनंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं तेव्हा छाती एकदम जड आणि टणक होते. आदल्या आठवड्यात बसणारा कप त्या दिवशी बसत नाही. पुढच्या काही आठवड्यांत बाळाच्या मागणीप्रमाणे दुधाचं प्रमाण बसतं आणि ती टणक सूज उतरते. एकाच दिवसातसुद्धा सकाळची आणि संध्याकाळची छाती सारखी नसते, बाळ पिण्याआधीची आणि प्यायल्यानंतरची तर नाहीच.

पोटाचंही तसंच. गर्भाशय मूळ आकाराला यायला सहाएक आठवडे लागतात. बाळ झालं म्हणजे जुनी जीन्स चढली असं होत नाही, आणि चढवायची घाईही करू नये. दवाखान्यातून घरी येताना गरोदरपणातलेच सैल कपडे घालावे लागले म्हणून हिरमुसणाऱ्या कितीतरी जणी पाहिल्या आहेत. तसंच होतं, सगळ्यांचं होतं.

सुरुवातीला एवढंच पुरे: पाजायच्या तीन ब्रा (एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत), समोरून उघडणारे तीन-चार सैल कपडे आणि रात्रीचे दोन. बाकी दीड-दोन महिन्यांनी बघा. तोवर तुम्हाला कपडा वर उचलून पाजायला आवडतं की गळ्याकडून, हेही कळलेलं असतं, आणि ते आधी कोणालाच सांगता येत नाही.

चूक तिसरी: ब्रा घट्ट, किंवा ब्राच नाही

इथे जरा थांबते, कारण बाकीच्या चुकांनी फक्त गैरसोय होते, या चुकीने दुखणं येतं.

घट्ट ब्रा, कडक तार, एकाच जागी रुतणारा पट्टा यांमुळे स्तनाच्या एखाद्या भागावर सतत दाब राहतो. तिथलं दूध नीट वाहत नाही, तो भाग सुजतो आणि दुखरी गाठ होते. दूध भरून येण्याच्या पहिल्या आठवड्यांत तर तारेची ब्रा बाजूलाच ठेवा. पुढे दूध स्थिरावल्यावर नीट मापाची, तार कुठेही स्तनावर न चढणारी ब्रा अनेक जणी अधूनमधून घालतात आणि त्यांना काही होत नाही. पण ती घालून झोपू नका.

याच्या उलट टोकाला 'घरात आहे तर ब्रा कशाला' हा विचार. जड झालेल्या छातीला आधार नसेल तर खांदे आणि पाठ बोलायला लागतात, सुजलेली छाती जास्त ठणकते. मऊ, ताणली जाणारी, तार नसलेली ब्रा हा मधला मार्ग आहे. रात्री झोपताना तर हुक नसलेली, समोर एकावर एक येणारी सुती ब्रा उत्तम. गळणारं दूध टिपायला ब्राच्या आत ठेवतात ते पॅडही जागेवर राहतात.

माप घ्यायचं ते नवव्या महिन्यात, छातीखालचा घेर आणि छातीचा सगळ्यात भरीव भाग असं दोन्ही. त्या वेळी बरगड्यांचा घेर सगळ्यात जास्त असतो आणि प्रसूतीनंतर तो कमी होतो. म्हणून नवव्या महिन्यात घेतलेली ब्रा सगळ्यात सैल हुकावर नीट बसली पाहिजे. म्हणजे पुढे आवळायला जागा उरते. कपमध्ये वरच्या बाजूला थोडी जागा सुटलेली असू द्या. तिथे पॅडही मावायला हवा आणि चौथ्या दिवशीची छातीसुद्धा.

आता एक गोष्ट, जी पाकिटावरच्या फोटोत दिसत नाही. खांद्यापाशी क्लिप काढली की कप खाली पडतो, तेव्हा आत काय उरतं ते बघा. काही ब्रांमध्ये स्तनाभोवती एक गोल पट्टी उरते आणि मधल्या भोकातून पाजायचं असतं. हे भोक लहान असेल तर पट्टीची कड स्तनात रुतते आणि बाळाच्या गालाखाली कापड येतं. काहींमध्ये फक्त बाजूने एक पट्टी उरते, बाकी सगळं मोकळं होतं. भरलेल्या छातीला हा दुसरा प्रकार बरा पडतो. क्लिप लावून-काढून बघाच. काही इतक्या बारीक असतात की नखाने शोधाव्या लागतात.

आणि स्पोर्ट्स ब्रा वर गुंडाळून पाजू नका. ती गुंडाळलेली कड म्हणजे स्तनाच्या वरच्या भागावर बांधलेली दोरीच.

काढल्यावर अंगावर लाल वळ दिसत असतील तर माप चुकलंय. एका जागी दुखरी गाठ लागली तर आधी कपड्याची कड बरोबर तिथेच येते का ते पाहा, येत असेल तर तो कपडा बाद करा. पाजणं थांबवू नका, थंड पट्टी ठेवा, जोरजोरात चोळू नका. त्वचा लाल आणि गरम झाली, ताप आला, थंडी वाजली, अंग मोडून आलं तर मात्र कपड्यांचा विचार पुरे झाला, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चूक चौथी: बाळाच्या हनुवटीखाली कापड येऊ देणं

ही चूक दिसत नाही म्हणून टिकते. बाळाने स्तन नीट तोंडात धरायचा तर त्याची हनुवटी स्तनाला टेकलेली असावी लागते, तोंड मोठं उघडलेलं असावं लागतं आणि स्तनाग्रासोबत भोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात जावा लागतो. हनुवटी आणि स्तन यांच्या मध्ये टीशर्टची घडी आली की बाळ बोटभर मागे राहतं. मग ते फक्त स्तनाग्राला लोंबकळतं, आईला दुखतं, बाळाला दूध कमी मिळतं आणि सगळे म्हणतात, दूध पुरत नाही का?

बाळ पुन्हा पुन्हा सोडत असेल, चटक्-चटक् असा आवाज येत असेल, तोंडातून सुटल्यावर स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं चपटं-तिरकं दिसत असेल तर पकड चुकली आहे. कारणं बरीच असू शकतात, पण तपासायला सगळ्यात सोपं कारण म्हणजे कापड. दोन वेळा कमरेवरचे सगळे कपडे काढून पाजून बघा. तेव्हा नीट जमलं तर दोष कुठे होता ते कळलं. तरीही जमत नसेल तर स्तनपान सल्लागाराला किंवा डॉक्टरांना पाजताना समोर बसून बघायला सांगा.

कपडा खालून वर उचलला की घडी वरच्या बाजूला राहते, हनुवटी मोकळी. म्हणून सैल टीशर्ट वर करून पाजणं अनेकींना जमतं. फक्त ती वरची घडी घसरून बाळाच्या डोळ्यांवर येते आणि आपण बाळ न बघता पाजत बसतो. केसांची मोठी क्लिप किंवा खांद्यावरून ओवलेला एक रबरबँड, एवढ्याने ती वर राहते. माझ्या एका मैत्रिणीने कपडे वाळत घालायचा चिमटा वापरला होता. हसायला झालं, पण चिमटा कामाचा.

गळ्याकडून खाली ओढून पाजणार असाल तर गळा खरंच मोठा आणि ताणला जाणारा हवा. अर्धवट खाली आलेला गळा स्तनाला खालून वर ढकलतो, स्तनाग्राची दिशा बदलते आणि मग आपण बाळाला स्तनाकडे आणायचं सोडून स्वतःच वाकतो. पंधरा दिवसांत पाठ धरते. अनेकींची 'पाजण्याची पाठदुखी' मला तरी निम्मी गळ्याची पाठदुखी वाटते.

चूक पाचवी: चेन आहे म्हणजे सोय आहे, असं समजणं

लपवलेल्या चेनचे कपडे वाईट नसतात. पण चेन निदान वीतभर तरी उघडायला हवी. चार-पाच बोटं उघडणाऱ्या फटीतून स्तन बाहेर काढला की दोन्ही कडा तो आवळून धरतात, आणि चेनचे दाते नेमके बाळाच्या गालाला लागतात. चेनच्या आतून पट्टी शिवलेली आहे का, चेनचं टोक मऊ कापडात लपतं का, हे बोट फिरवून बघा. बोटाला टोचलं तर गालाला टोचणारच. उभी चेन आडव्या चेनपेक्षा बरी. आडवी बसल्यावर दुमडते आणि अडकते.

साडीच्या ब्लाउजबाबत एक सवय जुनी आहे: खालचे दोन हुक काढायचे आणि ब्लाउज वर सारायचा. ब्लाउज सैल असेल तर ठीक. पण गरोदरपणाआधी शिवलेला ब्लाउज या दिवसांत मुळातच घट्ट होतो. वर सारलेली त्याची कड स्तनाच्या वरच्या भागावर रुतून बसते, आणि पुढची वीस मिनिटं आपण बाळाच्या तोंडाकडे बघत असतो, कडेकडे नाही. सगळे हुक काढा. वेळ लागतो म्हणून वैताग येत असेल तर शिंप्याकडून हुकांच्या जागी मोठी टिच बटणं लावून घ्या. शिंप्याने शिवणीत माया ठेवलेली असेल तर जुने ब्लाउज उसवून दोन्ही बाजूंना थोडे सैलही करता येतात. नवीन शिवणार असाल तर माया भरपूर ठेवायला सांगा आणि हुक पुढेच हवेत हे आवर्जून सांगा.

पाठीमागे चेन असलेला एकसंध ड्रेस? लग्नाला घालून गेले होते. बाळाला पाजायला मला अख्खा ड्रेस उतरवून एका अनोळखी खोलीत पंख्याखाली बसावं लागलं. यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

चूक सहावी: ओलं होणारच नाही, या भरवशावर राहणं

एका बाजूला बाळ प्यायला लागलं की दुसऱ्या बाजूलाही पान्हा फुटतो. बाळाचं रडणं ऐकून फुटतो, दुसऱ्याच कुणाचं बाळ रडलं तरी फुटतो, नुसती बाळाची आठवण झाली तरी फुटतो. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं हे काम आहे आणि त्याला तुमची मीटिंग कळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत गळणं जास्त, पुढे बहुतेकींचं कमी होतं.

कपड्याच्या रंगाबाबत लोक गडद-फिकं एवढंच बघतात. ओल सगळ्यात जास्त दिसते ती एकरंगी राखाडी आणि फिक्या निळ्या सुती कापडावर. पांढऱ्यावर त्यामानाने कमी दिसते, पण पांढरं ओलं झालं की पारदर्शक होतं. काळा, गडद निळा आणि सगळ्यात बेस्ट म्हणजे बारीक, दाट नक्षीचं कापड. रेशमावर पाण्याचासुद्धा डाग राहतो, दुधाचं विचारूच नका.

ब्रेस्ट पॅड वापरा, पण ओला पॅड तासन् तास आत ठेवू नका. ओल राहिली की स्तनाग्राची त्वचा फुगून नाजूक होते, चिरा पडतात आणि बुरशीला आयतं घर मिळतं. ज्यांच्या मागे प्लास्टिकचा थर असतो ते कपडे वाचवतात, पण आत वाफ कोंडते. बाहेर जाताना ते ठीक, घरी सुती धुवायचे बरे. पॅड सुकून स्तनाग्राला चिकटला असेल तर ओढू नका, कोमट पाण्याने भिजवून मग सोडवा. मी एकदा ओढला होता. एकदाच.

चारचौघांत अचानक पान्हा फुटल्याचं जाणवलं तर हाताची घडी घालून तळव्यांनी छाती सरळ आत हलकेच दाबून धरा, काही क्षणांत गळणं थांबतं. हे अडीअडचणीला, दर तासाला करायचा उपाय नव्हे. पिशवीत एक जादा टॉप आणि एक ओढणी किंवा जॅकेट कायम असू द्या. बाळाचे कपडे तीन-तीन जोड घेतो आणि आपला एकही नाही, हे दर वेळी होतं.

कापड कुठलं, याचं उत्तर बहुतेकदा सुती. प्रसूतीनंतरचे काही आठवडे रात्री घामाने अंग भिजतं, संप्रेरकं उतरत असतात म्हणून. त्यात बाळ अंगाला चिकटलेलं. घाम न टिपणारं कापड दोघांनाही नकोसं होतं. पण कडक, खळीचं सुती कापड नको, दोन-तीनदा धुतलेलं मऊ हवं.

चूक सातवी: पहिल्या दिवसापासून झाकून पाजायचा अट्टहास

आई आणि बाळ दोघंही शिकत असतात तेव्हा वरून कापड टाकणं म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवणं. आधी उघड्यावर, घरात, पकड नीट जमू द्या. मग बाहेर जाताना झाकायचं की नाही, हा तुमचा प्रश्न. काही जणींना झाकलं की निवांत वाटतं, काहींना घुसमटल्यासारखं. झाकायचं असेल तर कापड पातळ, हवा खेळणारं हवं, आणि बाळाचं नाक-तोंड तुम्हाला सतत दिसत राहिलं पाहिजे. जाड शालीखाली बाळ लवकर तापतं. चार-पाच महिन्यांचं झालं की ते स्वतःच कापड भिरकावून देतं आणि मग झाकण्याने जास्तच नजरा वळतात.

झाकण्यापेक्षा दोन थर घालणं मला जास्त पटलं. आत सैल गळ्याची बनियन किंवा स्पॅगेटी, वर टीशर्ट किंवा शर्ट. वरचा वर करायचा, आतला खाली. पोट झाकलेलं, पाठ झाकलेली, वरचा भाग बाळाच्या डोक्याने झाकलेला. यासाठी 'फीडिंग' असा शिक्का असलेलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. वरचा शर्ट नवऱ्याचा असला तरी चालतो. समोर बटणं असलेला सैल शर्ट उशीच्या परीक्षेत बहुतेक वेळा पास होतो, काजी ताठर नसतील तर.

लहान लहान, पण बोचणाऱ्या गोष्टी

टिकल्या, आरसे, जरीची कडक कड, छातीवरचा ब्रोच, सेफ्टी पिन: बाळाचा गाल जिथे टेकतो तिथे काहीच नको. कपडा घेताना आपला गाल त्यावर घासून बघा. लांब लोंबणाऱ्या नाड्या आणि गोंडे बाळाच्या गळ्यात-बोटांत अडकू शकतात, कापून टाका. सुटत आलेलं बटण आजच टाचून घ्या, ते बाळाच्या तोंडातच जाणार.

छातीपाशी अत्तर किंवा परफ्यूम नको, खूप वासाचा साबणही नको. बाळ आईला वासाने ओळखतं आणि स्तनाग्राभोवतीच्या बारीक ग्रंथींचा वास त्याला वाट दाखवतो.

सिझेरियन झालं असेल तर वरच्या कपड्याइतकाच खालचा महत्त्वाचा. टाके ओटीपोटाच्या खालच्या भागात असतात, आणि नेहमीच्या इलॅस्टिकची जागा नेमकी तिथेच. कंबर टाक्यांच्या बरीच वर येईल अशी सैल पँट किंवा सरळ गाऊन घाला. गाऊन घालणार असाल तर तो समोरून उघडणारा हवा, खालून वर घ्यायचा नको. नाहीतर दर वेळी पाय उघडे टाकून बसावं लागतं, आणि पाहुणे नेमके तेव्हाच येतात.

कामावर परतल्यावर पंपाने दूध काढणार असाल तर कपड्याची परीक्षा पुन्हा घ्या, कारण पंप बाळासारखा कुशीत येत नाही. दोन्ही बाजू एकदम उघडायला लागतात आणि बसून पंधरा-वीस मिनिटं तशाच ठेवायला लागतात. इथे लपवलेली चेन अजिबात उपयोगाची नाही. समोरून पूर्ण उघडणारा शर्ट, किंवा वर उचलता येणारा टॉप आणि वेगळी पँट. एकसंध ड्रेस त्या दिवसांपुरता घरी.

धुताना होणारी चूक

दुधाचा डाग ताजा असताना दिसतच नाही. आठवड्याने कपडा बाहेर काढला की गळ्याखाली पिवळसर नकाशा. दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात. गरम पाण्यात टाकलं की प्रथिनं धाग्यात पक्की बसतात. म्हणून आधी गार पाण्यात भिजवा, चोळा, मग साबण. स्तनाग्राला लावायच्या लॅनोलिनच्या मलमाचे डाग तेलकट असतात, त्यांना भांडी घासायचं लिक्विड थेंबभर लावून चोळलं की निघतात. मग ऊन.

सुती पॅड आणि ब्रा धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका. कापड मऊ लागतं खरं, पण धाग्यावर थर बसतो आणि पॅड दूध टिपेनासे होतात. धुऊनही आंबट वास येत असेल तर पॅड रात्रभर बादलीत ओले पडून राहतात का ते बघा. बादलीत टाकण्याआधी नळाखाली एकदा खळखळून घेतले तरी फरक पडतो.

आणि सहा महिन्यांनंतर

एव्हाना आपण तरबेज झालेलो असतो, आणि बाळही. ते आता पिताना दुसऱ्या हाताने बटणं खेचतं, ब्राच्या क्लिपशी खेळतं, गळ्यातली साखळी ओढतं, मध्येच कुणी बोललं की मान वळवून बघतं आणि आपल्याला उघडं टाकतं. पहिल्या तीन महिन्यांत सोयीची वाटलेली टिच बटणं आता नकोशी होतात. बाळ ती एका झटक्यात, ओळीने, टक्-टक् करत उघडतं. या वयात खरी बटणं किंवा वर उचलायचा कपडा परत आणा. बाळाच्या हाताला चाळा म्हणून गळ्यात कापडाची जाड, घट्ट शिवलेली माळ घालता येते, तीही फक्त पाजताना आणि तुमच्याच गळ्यात.

माझे ते लपवलेल्या चेनचे दोन कुर्ते या टप्प्यावर कपाटातून बाहेर आले. बाळ बसायला लागलं होतं, त्यामुळे माझे दोन्ही हात मोकळे. चेन छान चालली. फक्त ती कुठे आहे हे तोवर बाळालाही कळलं होतं.